चर्चचे पत्रे उतरवले त्याची खरी हकिगत

आमच्या मंडळीचा इतिहास लिहून वर्धापनदिनी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. गावात अक्षर त्यातल्या त्यात माझं बरं, आणि रिकामा वेळही माझ्याकडेच जास्त. पंधरा दिवस खपलो. पहिला गोरा पाद्री घोड्यावरून येऊन निंबाखाली कसा बोलला, दुष्काळात सात घरं कशी जमली, बायकांनी डोक्यावरून पाणी वाहून मातीच्या भिंती कशा उभ्या केल्या, रेल्वे आली तेव्हा रुळाचा एक तुकडा मिळवून तो घंटा म्हणून निंबाला कसा टांगला, सगळं लिहिलं. वाचताना माणसं माना डोलवत होती. मला वाटलं, जमलं बुवा.

मग वाचलं, "पुढे एका वर्षी प्लेगच्या साथीमुळे मंदिराचे छप्पर उतरविण्यात आले."

बायकांच्या बाजूला, लेकराला मांडीवर घेऊन बसलेली एक तरुण बाई फिसकन हसली. तिच्या शेजारची हसली. मग पुरुषांकडे खोकल्याची साथ आली. नवे पाद्रीसाहेब कोणाला बरं नाही की काय म्हणून बघायला लागले. माझी बायको तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

चूक माझीच. हे वाक्य मी वीसेक वर्षांपूर्वी मिशनच्या वहीत लिहिलं होतं, तेच हात आपोआप पुन्हा लिहून गेला. प्लेग नव्हता. काय होतं ते आता पोरांसाठी एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे मी गेल्यावर कोणी तिखटमीठ लावून सांगायला नको. तसं लावायला जागाही फारशी नाही.

मला तेव्हा पंचविसावं लागलं होतं. लग्नाला दोन वर्षं झालेली. मिशनच्या शाळेत मास्तर, आणि पाद्रीसाहेब तीन महिन्यांनी एकदा यायचे म्हणून एरवी उपासनाही मीच चालवायचो. गाव अनसिंगपासून पायी दीड-दोन तासांवर. मंडळीची मोठी वही माझ्या ताब्यात होती. बाप्तिस्मे, लग्नं, मयत, सगळं तिच्यात. मागच्या खेपेला साहेब बजावून गेले होते, "मास्तर, ही वही म्हणजे मंडळीचा जीव आहे. सांभाळा."

आणि मंडळीचा जीव उंदीर खात होते. साहेब यायला आठवडा राहिला असताना वही काढली, तर दुष्काळातल्या बाप्तिस्म्यांची अर्धी पानं कडेनं कुरतडलेली. काही माणसांची नुसती आडनावं उरली होती, काहींचं तेवढंही नाही. माझं धाबं दणाणलं. नोकरी गेली असंच धरून चाललो.

अनसिंगच्या बाजारात एक म्हातारा मुसलमान दुकानदार होता. हळद-हिंगापासून जनावरांच्या औषधापर्यंत सगळं त्याच्याकडे मिळायचं. त्याच्याकडून मी उंदरांसाठी सोमल नावाचं विष आणलं. पुडी हातात देताना तो म्हणाला, "मास्टरजी, घर में सबको बता के रखना. ये चीज छुपा के रखने की नहीं."

"हो हो," म्हणालो, आणि कोणालाच सांगितलं नाही. बायकोला सांगितलं असतं तर तिनं पुडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती.

ती पाण्याला गेली तेव्हा तिच्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटलीत ज्वारीचं पीठ आणि गूळ मळला आणि सात गोळ्या केल्या. ती ताटली तिच्या आईनं पाठवणीच्या वेळी दिलेली. राखेनं घासली, धुतली. वाटलं, वास येतो. पुन्हा घासली. तरी मनातून जाईना. शेवटी घाबरून चर्चच्या मागे, निंबाच्या मुळाशी पुरून टाकली आणि घरी येऊन हातपाय धुऊन बसलो.

बायकोनं दोन दिवस ताटली शोधली. मग तिच्या डोक्यात शेजारची बुढी आली. बुढीची सून बाळंत झाली होती, त्या गडबडीत ती आमच्याकडून भांडीकुंडी न्यायची. बायको कुडापाशी उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "ताटल्याले काई पाय फुटत नाईत बाप्पा."

कुडापलीकडून बुढी म्हणाली, "नाई फुटत. पन माणसाच्या जिभीले फुटते."

मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो. वर्तमानपत्र मागच्या महिन्याचं होतं.

गोळ्या मी चर्चमध्ये ठेवल्या. कुठे, ते नीट सांगितलं पाहिजे, कारण सगळी भीती तिथून सुरू झाली. वही एका लाकडी पेटीत असायची, आणि पेटी उपासनेच्या टेबलावर उंच, आढ्यालगतच्या फळीवर. त्याच पेटीत प्रभुभोजनाचा प्याला आणि थाळी. उंदीर पेटीमागून यायचे म्हणून मी गोळ्या पेटीमागे भिंतीवर, आढ्याच्या टोकाशी ठेवल्या. म्हणजे ज्या प्याल्याला आख्खी मंडळी ओठ लावणार, त्याच्यापासून वीतभर अंतरावर. ठेवताना हे डोक्यात आलं नाही. मला त्या वेळी फक्त वही दिसत होती.

साहेब आले. उपासना सुरू झाली. टेबलावर पांढरं कापड, त्यावर भाकर आणि प्याला. साहेबांनी भाकर मोडायला हात पुढे केला आणि वरून उंदीर पडला. भाकरीच्या जरा अलीकडे. पुरता मेला नव्हता. दारू प्यालेल्या माणसासारखा दोन पावलं चालला, कुशीवर कलला आणि पाय ताणून थांबला.

जुन्या माणसांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. आमच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांनी मोठ्या प्लेगात घरची माणसं पुरली होती. प्लेग यायच्या आधी उंदीर असाच पडतो, झिंगत येऊन. एक बाई "उंदीर पडला" एवढंच म्हणाली, आणि मागच्या मागे चर्च रिकामं झालं. कोणी ओरडलं नाही. तेच जास्त भयंकर होतं. नुसते पायांचे आवाज, आणि आया पोरांना बगलेत मारून बाहेर.

बाहेर अंगणात साहेबांचा चेहरा भिंतीला चुना द्यावा तसा झाला होता. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, प्लेग नाही, मी औषध ठेवलंय. ते लगेच विचारणार, कुठे ठेवलं? आणि मी काय सांगणार? प्रभुभोजनाच्या प्याल्याशेजारी? आख्ख्या मंडळीला आणि खुद्द साहेबांना विष घालायला निघालेला मास्तर म्हणून फौजदार मला वाशिमला नेतोय, असं मला उभ्या उभ्या दिसलं. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही लवकर निघा."

ते निघाले. जाता जाता सांगून गेले, "पत्रे उतरवा. ऊन आत येऊ द्या. तोवर उपासना उघड्यावर."

दुपारपर्यंत दुसरा उंदीर बुढीच्या घरात सापडला, तिसरा गावात तेल्याच्या घरामागे. एवढ्या लांब तो कसा गेला, देव जाणे. पाटील आले, धोतराचा सोगा नाकाला लावून लांबच उभे राहिले.

"मास्तर, सुरुवात तुमच्या देवळातून झाली म्हन्ते."

"हो जी."

"मंग आता काय करता? गाव बाहेर काढा लागते." आणि चर्चकडे बघून हळूच म्हणाले, "लोकं काईबाई बोलून राह्यले. पत्रे आजच उतरवा, नाई तं कोनी काडी लावून देईन. मी कोनाकोनाले धरू?"

ही दुसरी भीती. ज्या भिंतींना आमच्या बायकांनी डोक्यावरून पाणी वाहिलं, त्या माझ्या सात गोळ्यांपायी जळणार होत्या.

पत्रे उतरवायला वर कोण चढणार? प्लेगच्या घरात कोणी हात घालीना. मी म्हणालो, मी चढतो. लोक बघत राहिले. खरं कारण असं की उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत. वर चढलो तर तीन उरल्या होत्या. धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि चौदा पत्रे एकेक करून खाली सोडले. खालून एक म्हातारा म्हणाला, "मास्तर मोठ्या जिगरचा मानूस हाय गड्या." मी निंबाच्या मुळाशी जाऊन त्या गोळ्या ताटलीशेजारी पुरल्या. इतकी स्तुती माझी पुढे कधी झाली नाही.

गाव शेतात गेलं. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या, तुरीच्या तुराट्यांच्या झोपड्या. ऐन थंडीचे दिवस. पहाटे तूर पांढरी दिसायची. आमची झोपडी बुढीच्या झोपडीला लागूनच. तिच्या सुनेला बाळंत होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. मुलगी होती. तिसऱ्या दिवशी मुलीला खोकला लागला. एवढ्याशा जिवाचा खोकला मोठा नसतो. मांजराचं पिल्लू शिंकल्यासारखा आवाज यायचा, मग आवाज थांबायचा, आणि तो पुन्हा येईपर्यंत मी मोजत बसायचो.

बायको ताटलीचा राग तोंडावर ठेवून रोज तिकडे जायची. शेगडी न्यायची, लेकराला शेक द्यायची, बुढीशी एक शब्द न बोलता परत यायची. मला म्हणायची, "पोरीचे ओठ निळे पडून राह्यले. तिले घरात, कवेलूखाली ऊब पायजे."

बुढीनंही मला विचारलं, "मास्तर, नेऊ का मी इले घरी? तू शिकेल मानूस हायेस. तू सांग."

मला फक्त हो म्हणायचं होतं. घरात धोका नाही हे या जगात एकट्या मला माहीत होतं. मी म्हणालो, "पाटील म्हणतील तसं करा, मावशी."

हे वाक्य लिहितानाही मला माझी लाज वाटते. बाकीचं मी हसत सांगतो, हे नाही.

त्या आठवड्यात बाजाराला गेलो. पाटील माझ्यापासून दोन पावलांवर तमाखू बघत होते. दुकानातून म्हाताऱ्यानं हाक मारली, "क्यों मास्टरजी, चूहे मरे?"

मी म्हणालो, "कौनसे चूहे?"

त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग पाटलांकडे बघितलं. आणि खाली मान घालून हळद तोलायला लागला. त्या माणसानं मला वाचवलं, आणि त्याची नजर मी पुढे वर्षभर चुकवत राहिलो.

पाटील म्हणाले, "कायचे उंदीर, मास्तर?"

"शाळेतले," मी म्हणालो. का म्हणालो, मला आजही कळत नाही.

"शाळेतबी पडले?" पाटील म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शाळा बंद झाली.

शनिवारी आभाळ आलं आणि पाऊस पडला. भर थंडीतला अवकाळी पाऊस. पऱ्हाटीच्या झोपडीत तो पाऊस थांबत नाही, नुसता जरा उशिरा आत येतो. बुढी आणि तिचा मुलगा बाजेवर घोंगडं धरून उभे होते, खाली सून आणि लेकरू. बायको तिथेच होती. मी आमच्या झोपडीच्या तोंडाशी उभा राहून कान देत होतो. ती पिल्लासारखी शिंक ऐकू आली की जीव खाली यायचा, नाही आली की वर जायचा. तिकडे चर्चच्या उघड्या भिंती भिजत होत्या. पश्चिमेची भिंत पोटातून फुगत होती म्हणे. त्या दिवशी मला भिंतीची पर्वा नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाऊस थांबला होता. दुपारी बाभळीखाली वर्ग भरला.

आमच्या मेथडिस्ट मंडळीत ही जुनी रीत आहे. थोडी माणसं एकत्र बसतात आणि वर्गाचा पुढारी एकेकाला विचारतो, "या आठवड्यात तुमच्या जिवाचं कसं आहे?" ज्याला विचारलं त्यानं खरं सांगायचं. बायकोवर हात टाकला, शेजाऱ्याच्या धुऱ्यात, बांधात नांगर घातला, देवाचा राग आला, जे असेल ते. बाकीच्यांनी ऐकायचं, आणि बाहेर बोलायचं नाही. पुढारी अर्थात मी. दोन वर्षं मी सगळ्यांना विचारत होतो. मला कोणी विचारत नव्हतं, आणि ते मला बरं वाटायचं.

त्या दिवशीही विचारत गेलो. एक म्हणाला, भीती वाटते. दुसरा म्हणाला, त्यालाही भीती वाटते, आणि आपण गावदेवीला नारळ बोललोय, मास्तरांनी रागावू नये. मी म्हणालो, नाही रागावत. माझ्या बायकोला विचारलं, तर खाली बघून म्हणाली, "माह्या मनात एका मानसाबद्दल राग हाय. तो जात नाई." बुढीनं दुसरीकडे तोंड फिरवलं.

मग बुढीला विचारलं, "मावशी, तुमच्या जिवाचं कसं आहे?"

ती म्हणाली, "माह्या जिवाचं सोड. लेकरू सकाळपासून अंगावर पेलं नाई. आज गेलं तं जाईन." आणि जरा थांबून, साधं विचारावं तसं, "तुह्या जिवाचं कसं हाय, मास्तर? तुले कोनीच इचारत नाई."

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माझी कीव आली होती. टोमणा असता तर मी निभावून नेलं असतं.

मी बोलायला लागलो. आधी वहीबद्दल बोललो, मग उंदरांबद्दल. मध्येच थांबून पाणी मागितलं. मग सोमल म्हणालो, पेटी म्हणालो, प्याला म्हणालो. शेवटी म्हणालो, "प्लेग नाही. गावात प्लेग नाही. मावशी, पोरीला घरी न्या."

बाभळीवरून पावसाचे थेंब पडत होते, ते ऐकू येत होते. मी मान खाली घालून पहिल्या तडाख्याची वाट बघत होतो. कोण उठेल, बुढीचा मुलगा की तो जिगरवाला म्हातारा, एवढाच प्रश्न होता.

बुढी उठली. माझ्यासमोरून, माझ्याकडे न बघता झोपडीकडे गेली. आतून तिचा आवाज आला, "उठ वं, घरी चाल."

लेकरू लुगड्यात गुंडाळून छातीशी धरून ती चिखलातून गावाकडे निघाली. मागे सून. मागे बाज डोक्यावर घेऊन मुलगा. आणि त्याच्या मागे, हातात धगधगती शेगडी धरून, माझी बायको. मी तिथेच बसून राहिलो. वर्ग आशीर्वादाविनाच सुटला.

पाटलांकडे मी एकटा गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता चावडीत बसवतील, माणूस वाशिमला धाडतील. ते म्हणाले, "आख्ख्या गावाले पावसात भिजवलं तुमी."

"हो जी."

"मंग आता तुमीच एकेका झोपडीत जा आन सोताच्या तोंडानं सांगा. मी कोनाले सांगनार नाई."

त्या संध्याकाळी मी किती झोपड्यांपुढे उभा राहिलो आणि काय काय ऐकलं, ते पोरांसाठी लिहीत नाही. तेलीणबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "मले वाटलंच. प्लेगाचा उंदीर इतका जाडा नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी अंगावर प्याली. तो खोकला पुढे होळीपर्यंत गेला नाही, पण ती वाचली. वाचनाच्या दिवशी पहिली फिसकन हसली ती तीच. बुढी जाऊन बरीच वर्षं झाली, पण जाताना हकिगत नातीकडे पोचवून गेली होती.

साहेबांना कळवावं असं मी म्हणालो तेव्हा मंडळी नको म्हणाली. कारण बुढीनंच दिलं: "मास्तर बदलला तं दुसरा येईन. थो याच्याहून येडा निघाला तं?" म्हणून वहीत प्लेग राहिला. पश्चिमेची भिंत मी उन्हाळ्यात स्वतः माती कालवून सावरली. ती आजही पोटात आलेली आहे, पाहुण्यांना मी ती ओलीची चूक म्हणून सांगतो.

पण हे सगळं पुढचं. त्या रविवारी झोपडी-झोपडी हिंडून मी घरी आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. बायको चुलीपुढे बसली होती. आम्हीही घरात परतलो होतो, कवेलूचं छप्पर पुन्हा डोक्यावर होतं. तिनं मला भाकर वाढली, पाणी ठेवलं. मी खाली मान घालून जेवलो. तिला सगळं कळलं होतं, बाभळीखाली ती समोरच बसली होती. तिनं रडावं, बोलावं, माहेरी जाते म्हणावं, मी सगळ्याला तयार होतो. ती काहीच बोलेना, तशी माझी भीती वाढत गेली. त्या आठवड्यात इतका मी पाटलांनाही भ्यालो नव्हतो.

मी हात धुतला. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पदराला हात पुसले आणि कुडापलीकडे, बुढीच्या घरातल्या उजेडाकडे बघत म्हणाली, "आन माही ताटली कुठी हाय?"